द्राक्षबागेतलं वायफाय यंत्र: बॅटरी दीड दिवसात का उतरते आणि नोंदी का बिघडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिंपळगाव बसवंतच्या बागेसाठी नोडएमसीयू बोर्ड (त्यावरची वायफाय चिप ईएसपी8266), एसएचटी31 हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर आणि 2600 एमएएचचा 18650 लिथियम सेल वापरून हातात मावणारं तापमान-आर्द्रतेचं यंत्र केलंय. दर मिनिटाची नोंद ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) आणि वायफायवरून नेटवर जाते. बॅटरी दीड दिवस टिकते. ऑक्टोबर छाटणीला लावलं, डिसेंबरअखेर नोंदी बिघडल्या.

आधी नोंदींचं बघू, कारण ते नुकसान भरून येत नाही. ईएसपी8266मध्ये ईईप्रॉम असं वेगळं काही नसतंच. लायब्ररी फ्लॅश मेमरीतला 4 केबीचा एकच सेक्टर (तुकडा) त्यासाठी वापरते. फ्लॅशमध्ये बिट 1 चा 0 करता येतो, पण 0 चा परत 1 करायचा तर अख्खा सेक्टर पुसावा लागतो. पाटीवरचं एक अक्षर खोडता येत नाही, पाटीच धुवावी लागते. म्हणजे 16 बाइटच्या नोंदीपायी दर कमिटला (नोंद पक्की लिहिताना) 4,096 बाइट पुसले जातात. असा सेक्टर साधारण 1,00,000 वेळा पुसता येतो. दिवसाला 1,440 कमिट, म्हणजे 70 दिवसांत मर्यादा संपली. छाटणीची तारीख धरून मोजून बघा.

दुसरं कारण व्होल्टेज. बोर्डावरचा एएमएस1117 रेग्युलेटर (सेलचं व्होल्टेज 3.3वर आणणारा भाग) स्वतःच 1 व्होल्टच्या आसपास खातो. सेल 3.7 वर असताना चिपला 2.6-2.7 मिळतात. चिप तेवढ्यावर चालते, पण विनबाँड 25क्यू32 सारख्या फ्लॅशला किमान 2.7 लागतात. चिप चालू आणि फ्लॅश अर्धमेली, अशा वेळी लिहिलेलं खराबच होणार. जानेवारीत निफाड भागात पहाटे पारा 5-6 अंशांवर येतो, तेव्हा थंड सेल वायफायच्या झटक्याला आणखी खाली बसतो.

म्हणून बोर्ड सोडा. त्याच चिपचं सुटं ईएसपी-12एफ मॉड्यूल घ्या, एचटी7833 रेग्युलेटर लावा (स्वतःचा खप 4 मायक्रोअँपिअर) आणि मॉड्यूलच्या पायाशी 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या. एचटी7333 घेऊ नका, तो 250 मिलिअँपिअरचाच आहे. ईएन, रीसेट आणि जीपीआयओ0 हे पाय 10 किलोओहमने वर (3.3 व्होल्टला), जीपीआयओ15 तसाच खाली (ग्राउंडला). जीपीआयओ16 रीसेटला 470 ओहममधून जोडा, नाहीतर झोपलेली चिप उठणार नाही.

आता बॅटरी: चिप आणि वायफाय सतत जागे राहतात म्हणून ती दीड दिवसात उतरते. बागेचं तापमान मिनिटामिनिटाला बदलत नाही, 5 मिनिटांनी एक नोंद पुरे. ती आरटीसी मेमरीत (चिपमधल्या घड्याळाच्या छोट्या मेमरीत) ठेवा: 512 बाइट मिळतात, डीप स्लीपमध्ये (चिपच्या गाढ झोपेत) टिकतात, झिजत नाहीत. (पहिले 128 बाइट सोडा, ओटीए म्हणजे वायफायवरून होणारं अपडेट ते वापरतं.) 12 नोंदी झाल्या की तासातून एकदा वायफाय. इथे बरेच जण फसतात: पुढच्या वेळी रेडिओ चालू हवा की बंद, हे झोपतानाच ठरतं. म्हणून अकराव्या नोंदीनंतर ‘वेक आरएफ डिफॉल्ट’ने झोपवा, एरवी ‘डिसेबल्ड’ने.

हॉटस्पॉट 10 सेकंदांत सापडला नाही तर त्या 12 नोंदी लिटलएफएसच्या (फ्लॅशमधल्या फाइल व्यवस्थेच्या) फाइलला एकदम जोडा आणि झोपवा. लिटलएफएस झीज अनेक सेक्टरांत वाटून घेतं. सेल 3.4 व्होल्टच्या खाली असेल तर फ्लॅशला हातच लावू नका. मोजायला ए0वर (व्होल्टेज मोजणाऱ्या पायावर) 330 आणि 100 किलोओहमचा विभाजक (व्होल्टेज विभागणारी रोधकांची जोडी) पुरतो.

टांगण्याआधी मल्टिमीटर मालिकेत लावा. मिलिअँपिअर रेंजवर चालू करा आणि चिप झोपल्यावरच मायक्रोवर आणा, नाहीतर मीटरमधल्या व्होल्टेजच्या घसरणीनेच चिप रीसेट होत राहील. झोपेत 50 मायक्रोअँपिअरच्या आत दिसायला हवं. मिलिअँपिअर दिसले तर सेन्सरच्या पट्टीवरचा एलईडी बघा, बहुतेक तोच जळत असतो.