पगार पाळणाघरातच जातो, मग नोकरी कशाला?

बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झालेल्या आयांकडून हा प्रश्न हमखास येतो. इथे अशाच एका जोडप्याची गोष्ट आहे, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बाळ दहा महिन्यांचं होतं. ती एका कंपनीत मोठ्या ग्राहकांची खाती सांभाळायची. घरी हिशेब मांडून झाला होता: निम्म्याहून जास्त पगार पाळणाघराला, काही जाण्यायेण्याला, मग उरलेल्यासाठी एवढी ओढाताण कशाला? नवरा काळजीपोटीच म्हणत होता, "तीन वर्षं घरी राहा, मग बघू." ती म्हणाली, "हातात उरतंच काय, हे मलाही पटतं. पण सोडायचं म्हटलं की धस्स होतं."

तोच हिशेब पुन्हा मांडायला घेतला. रकमा बाजूला ठेवून तिचा वर्षाचा पगार १०० धरला, नवऱ्याचा १५०, पाळणाघर ६०, तिचा प्रवास वगैरे १०. घरच्या हिशेबात तिच्याकडे ३० उरत होते. पण मूल दोघांचं असताना ६० एकटीच्याच पगारातून का वजा झाले? दोघांच्या मिळकतीच्या प्रमाणात वाटले तर त्याच्या वाट्याला ३६ आणि तिच्या वाट्याला २४ येतात. म्हणजे तिच्याकडे ६६ उरतात. घरात येणारा एकूण पैसा तेवढाच राहतो, हे खरं. पण "तू पाळणाघरासाठी कमावतेस" हे वाक्य तिथेच निकालात निघतं.

दुसरी चूक जास्त महाग पडते. हिशेब एकाच वर्षाचा केलेला असतो. वर्षाला ७ टक्के वाढ धरली, तर नोकरी चालू ठेवल्यास दहा वर्षांत तिची मिळकत साधारण १३८० होते. तीन वर्षं सोडून परत १०० वरच लागली तर ८६५. फरक ५१५. तीन वर्षांत पाळणाघर आणि प्रवास मिळून वाचतात फार तर २२५ (खर्चही दरसाल ७ टक्क्यांनी वाढतो असं धरून). उरलेलं २९० चं नुकसान, आणि त्यातलं बरंचसं चौथ्या ते दहाव्या वर्षात होतं, म्हणजे मूल पाळणाघरातून बाहेर पडल्यावर. म्हणूनच ते आज कुणाला दिसत नाही. निवृत्तीसाठीची बचत यात धरलेलीच नाही, आणि परतताना जुना पगार मिळेल हे गृहीतकही उदारच आहे.

उदार का, याला पुरावा आहे. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तोडीस तोड पात्रतेचे अर्ज लोकांपुढे ठेवले होते. फरक एवढाच, की काहींमध्ये अर्जदार पालक-शिक्षक संघात असल्याचा उल्लेख होता. मूल नसलेल्या बाईच्या तुलनेत आईला सुचवलेला सुरुवातीचा पगार वर्षाला सुमारे ११,००० डॉलरनी कमी निघाला. बाप असलेल्या पुरुषांना असा फटका बसला नाही. डेन्मार्कमधल्या अभ्यासात पहिल्या मुलानंतर बायकांची मिळकत एकदम घसरते आणि पुढे कित्येक वर्षं सुमारे २० टक्के मागेच राहते. पुरुषांची जवळपास हलत नाही. मूल दत्तक घेणाऱ्या आयांमध्येही दीर्घ मुदतीची घसरण जवळपास तेवढीच दिसते. म्हणजे सगळं बाळंतपणावर ढकलता येत नाही.

तिच्या बाबतीत घसरण सुरू झालीच होती. परतल्यावर साहेबांनी "आता जरा हलकं काम घ्या" म्हणून दोन मोठी खाती दुसऱ्याकडे दिली होती. हेतू चांगला, परिणाम वाईट: बढती त्याच खात्यांवर ठरत होती. आपल्याला विचारलं नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. बोलायचं कसं, हा प्रश्न होता.

तिने एका पानाची टिपणी तयार केली: रजेआधी काय सांभाळत होते, त्यातून काय निघालं, आज हातात काय आहे, कोणतं खातं कधीपासून परत हवं. मूल्यमापनात कामावर हजर असलेल्या महिन्यांचंच काम मोजावं, हेही स्पष्ट लिहिलं. पगारवाढ जाहीर झाल्यावर बोलून उपयोग नसतो, आकडे तोवर गोठलेले असतात. सहा ते आठ आठवडे आधी बोलावं. बहुतेक जणी इथे फसतात त्या पहिल्याच वाक्यात: "मला माहितीये, माझी थोडी अडचण आहे, पण..." अशी सुरुवात झाली की पुढचं बोलणं अडचणीवरच चालतं. ते वाक्य तिने सरावात तीनदा म्हटलं, चौथ्यांदा गाळलं.

घरच्या कामासाठी दोघांनी आठवडाभर वेगवेगळी नोंद ठेवायची ठरली. अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, एकमेकांना न दाखवता. "लक्षात ठेवणं" हा वेगळा रकाना: लशीची तारीख, संपत आलेले लंगोट, पाळणाघराला सुट्टी कधी. नवऱ्याच्या कागदावर कामं बरीच होती. तो रकाना मात्र रिकामा. वाद तिथेच झाला, आणि होणं बरंच होतं.

मग काम मदत म्हणून न वाटता अख्खं सोपवलं. लसीकरण त्याचं, म्हणजे तारीख लक्षात ठेवण्यापासून त्या दिवशी रजा काढण्यापर्यंत. हे मोडतं ते साधारण दुसऱ्या आठवड्यात. त्याने केलेलं तिला पटत नाही, ती दुरुस्त करते, तो सोडून देतो. बाळाच्या जिवाला धोका नसेल तिथे महिनाभर दुरुस्ती करायची नाही, असं ठरवावं लागलं. तिला ते जड गेलं.

पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर तिचा होता. ताप आला की फोन तिला, बैठकीतून उठून जायची तीच, आणि ऑफिसात "हिचं लक्ष घरी" अशी नोंदही तिच्याच नावावर. तो नंबर बदलला. पाळणाघराने तरीही दोनदा तिलाच फोन केला. तिने "बाबांना लावा" सांगून ठेवून दिला.

त्या वर्षी पगारवाढ मिळाली नाही. एक खातं परत मिळालं, दुसऱ्यासाठी सहा महिन्यांनंतरची तारीख ईमेलवर लेखी घेतली आहे. नोकरी सोडण्याचा विषय त्यांनी बंद केलेला नाही, मूल दोन वर्षांचं झालं की हाच तक्ता पुन्हा मांडायचा आहे. त्या वेळी त्यात एक रकाना वाढेल: तीन वर्षं नवऱ्याने घरी राहिल्यास काय.