वाचक विचारतात : ड्रिल चकात का फिरतं, भोक मोठं का पडतं?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. बेंच ड्रिलला 13 मिमीचा चावीचा चक (ड्रिल धरणारी पकड) आहे. लोखंडी पट्टीतून आरपार निघताना 10 चं ड्रिल चकात फिरतं. भोकही 10 पेक्षा मोठं पडतं. चक बदलावा का?

उत्तर : एवढ्यात नको. ड्रिल फिरणं आणि भोक मोठं पडणं, ही बहुतेक वेळा दोन वेगळी दुखणी असतात.

चकाच्या बॉडीत तीन तिरकी भोकं असतात, त्यांतून तीन जॉ (ड्रिल आवळणारे जबडे) सरकतात. जॉच्या बाहेरच्या अंगावर आटे असतात आणि त्यांवर दोन तुकड्यांची रिंग-नट बसते. ही नट बाहेरच्या स्लीव्हमध्ये दाबून बसवलेली असते. चावीने स्लीव्ह फिरवली की नट फिरते आणि तिन्ही जॉ एकाच वेळी, सारख्याच अंतराने पुढे येत मध्याकडे मिटतात. म्हणून ड्रिल आपोआप सेंटरला येतं. आर्थर जेकब्स यांनी 1902 साली पेटंट घेतलेली ही रचना अजून तशीच चालते.

पकड मात्र सगळी घर्षणाची. ड्रिलच्या शँकला (वरच्या गुळगुळीत दांड्याला) तीन जॉ फक्त तीन रेषांवर टेकतात. तिथे तेल असलं की ड्रिल फिरतं. फिरलं की शँकवर चरे पडून कडा उभ्या राहतात, मग पुढच्या वेळी जॉ त्या कडांवर टेकतो आणि ड्रिल वाकडं धरलं जातं. म्हणून शँक कोरड्या फडक्याने पुसा, उभ्या कडा बारीक कानशीने उतरवा. चक पूर्ण उघडून आतला बुरा रॉकेल आणि ब्रशने काढा. शँक खोल घाला, पण ड्रिलच्या वळणदार चरांचा (बुरा बाहेर काढणाऱ्या खाचांचा) भाग जॉमध्ये जाऊ देऊ नका. चावी एकाच भोकात आवळून थांबू नका, तिन्ही भोकांत फिरवा. दुसऱ्या-तिसऱ्या भोकात ती अजून थोडी सरकतेच. पट्टी फुटायच्या वेळी ड्रिल एकदम आत ओढलं जातं, तेव्हा हँडलवरचा दाब कमी करा आणि खाली लाकूड ठेवा.

आता मोठं भोक. आधी बुरा बघा. दोन्ही चरांतून सारख्या वळ्या निघत नसतील, एकीतूनच जाड वळी येत असेल, तर धार लावताना दोन ओठ (टोकाच्या कापणाऱ्या कडा) लहान-मोठे झालेत. अशा ड्रिलला नवा चकही मोठंच भोक पाडील. ओठ सारखे असतील तर चकात 10 ची डॉवेल पिन (अचूक गोल, सरळ पिन) धरा, जॉजवळ डायल (डगमग मोजणारं काट्याचं मापक) लावा, मशीन बंद ठेवून हाताने फिरवा आणि जिथे काटा सर्वांत वर जातो तिथे चकावर व पिनेवर खूण करा. पिन सैल करून तिसरा हिस्सा वळवा, पुन्हा आवळून बघा. उंच जागा पिनेबरोबर सरकली तर पिन वाकडी. चकावरच राहिली तर दोष चकात, टेपरमध्ये (चक ज्यावर बसतो त्या निमुळत्या दांड्यात) किंवा स्पिंडलमध्ये (मशीनच्या फिरत्या दांड्यात). चक टेपरसकट उतरवून स्पिंडलच्या आतल्या टेपरला डायल लावलं की तेही कळतं. पुष्कळदा टेपरमध्ये अडकलेला एक कणच सापडतो. दोन्ही टेपर पुसून, तेल न लावता, जॉ आत घेऊन लाकडी मोगरीने ठोकून बसवा. जॉ बाहेर ठेवून ठोकलंत तर चक कायमचा बिघडतो.

प्रश्न : मिरजेत तंतुवाद्यांचं काम आहे. खुंटीत तारेसाठी 1 मिमीचं भोक पाडताना ड्रिल गोल घुमतं आणि मोडतं.

उत्तर : ते दोन जॉंच्या फटीत अडकलंय. हाताला घट्ट लागतं, पण सेंटरला नसतं. चकाच्या बॉडीवर 1.5–13 असं काही कोरलेलं असेल. त्यातला लहान आकडा ही त्याची खालची हद्द. तुम्हाला 4 किंवा 6 मिमीपर्यंतचा छोटा चक हवा. ड्रिल कामापुरतंच बाहेर ठेवा आणि आवळल्यावर तीन जॉ तीन बाजूंनी टेकलेत का, ते उजेडात बघा.

प्रश्न : कराडहून. हँड ड्रिलचा चक उलटा फिरवूनही निघत नाही.

उत्तर : उलट-सुलट चालणाऱ्या मशीनमध्ये चकाच्या आत, तळाशी डाव्या आट्याचा स्क्रू असतो. विजेचा प्लग काढा, जॉ पूर्ण उघडा, तो स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवून आधी काढा. मगच चक उलटा फिरवा.