घर वाचलं, पण वारा सुटला की ती झोपत नाही

कोलोरॅडोतल्या सुपीरिअरहून एका गृहस्थांचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून सांगते. ३० डिसेंबर २०२१ च्या मार्शल आगीत त्यांच्या गल्लीतली समोरच्या बाजूची घरं जळून गेली, यांचं राहिलं. त्यानंतर चार हिवाळे उलटले. तरी डोंगराकडून वारा सुटला की त्यांची पत्नी गाडीची किल्ली हातात धरून रात्रभर जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहते. पासपोर्टची पिशवी दाराशी असते, ती पुन्हा पुन्हा उघडून बघते. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता, आता तोही उठून तिच्याशेजारी येऊन बसतो. नाशिकहून आईंचा फोन येतो, "देवाने तारलं ना? मग किती दिवस तेच धरून बसायचं?" आणि पत्राच्या शेवटी प्रश्न आहे: "ज्यांचं घर वाचलं त्यांनाही असं होतं का?"

होतं. आणि 'घर वाचलं ना' हेच वाक्य रोज कानावर पडत असल्यामुळे त्याबद्दल बोलायला तोंड उरत नाही. समोरच्या बाईंचं सगळं गेलं, आपण कुठल्या तोंडाने रडायचं, असं वाटून माणूस गप्प होतो. तुमच्या पत्नीने गेल्या चार वर्षांत या विषयावर शेजाऱ्यांशी किती वेळा बोलणं केलं ते आठवून बघा. माझा अंदाज आहे, जवळपास नाहीच.

तो दिवस कसा होता हे तिथे नसलेल्या वाचकांसाठी सांगायला हवं. शाळांना नाताळची सुट्टी, घरात मुलं, सकाळपासून ताशी १६० किलोमीटरपर्यंत झोत घेणारा वारा. अकरानंतर गवताला आग लागली आणि तासा-दीड तासात ती सुपीरिअर आणि शेजारच्या लुईव्हिल गावाच्या वस्तीत शिरली. पुष्कळ लोकांच्या फोनवर बाहेर पडण्याची सूचना आलीच नाही. धूर दिसला, शेजाऱ्याने दार ठोठावलं, म्हणून ते निघाले. रस्ते तुंबलेले, दुपारी अंधार. १,०८४ घरं गेली, दोन माणसं गेली. दुसऱ्या दिवशी राखेवर बर्फ पडला.

आता पायरीवर बसलेल्या बाईकडे बघा. त्या दिवशी तिला सावध करणारी एकच गोष्ट होती, वारा. सरकारी सूचनेवर विसंबून ती थांबली असती तर काय झालं असतं, हे तिचं शरीर विसरलेलं नाही. म्हणून तिच्या जागरणाला वेड म्हणू नका, आणि "काही होत नाही, झोप" असंही म्हणू नका. एकदा झालेलं आहे. "काही होत नाही" म्हणणाऱ्या माणसावर ती भरवसा कसा ठेवेल?

घर वाचलं म्हणजे घर जसंच्या तसं राहिलं असंही नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी मार्शल आगीतून वाचलेल्या घरांतली हवा आणि धूळ तपासली होती. धुरातली रसायनं आत शिरलेली सापडली, आणि अशा घरांत राहणाऱ्यांनी डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, तोंडाला विचित्र चव अशा तक्रारी महिनोन्‌महिने सांगितल्या. खिडकीच्या खाचेतली राख पुसताना ती समोरच्यांच्या घराची राख आहे हे मनात येणारच. हे तिने तुम्हाला सांगितलं नसेल, तर ती सांगेल तेव्हा ऐकून घ्या.

आता सरळ मुद्द्यावर. आगीनंतर पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, तेच चित्र डोळ्यांसमोर येणं जवळपास सगळ्यांनाच होतं आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. महिनाभराच्या पुढे हे टिकलं, त्यात त्या ठिकाणाला, त्या विषयाला टाळणं आलं, सतत कान टवकारलेले राहिले आणि रोजचं जगणं अडायला लागलं, तर डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात. ते निदान मी पत्रावरून करणार नाही. पण चार वर्षांनी 'काळ हेच औषध' म्हणण्यात अर्थ नाही, तपासून घ्यायलाच हवं. यावर उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात: आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी थेरपी), ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत आघाताच्या आठवणींवर काम करण्याची पद्धत). साधारण दोन-चार महिन्यांचं काम असतं, जन्मभराचं नव्हे. थेरपिस्ट निवडताना "तुम्ही ट्रॉमाचं काम करता का, कोणत्या पद्धतीने?" एवढं विचारा. नुसतं सहानुभूतीने ऐकणारी व्यक्ती इथे पुरत नाही.

मराठीतच बोलायचं असेल तर? पुण्यातल्या समुपदेशकाशी व्हिडिओवर बोलून मन हलकं होईल, जरूर बोला. पण अमेरिकेत थेरपिस्टला तुम्ही राहता त्या राज्याचा परवाना लागतो, आणि औषधं लागली किंवा एखादी रात्र फार वाईट गेली तर जवळचं माणूस हवं. म्हणून मुख्य उपचार तिथलेच घ्या. नोकरीच्या ठिकाणी ईएपी, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची समुपदेशन-मदत योजना, असेल तर पहिल्या काही भेटी फुकट आणि गोपनीय मिळतात, जोडीदारालाही.

आणखी एक शंका लोक मला दबक्या आवाजात विचारतात: "नोंद झाली तर ग्रीन कार्ड अडेल का?" समुपदेशन घेतलं म्हणून ग्रीन कार्ड अडत नाही. वैद्यकीय तपासणीत प्रश्न येतो तो मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका होईल अशा वागण्याचा. जिन्यावर बसून जागणं त्यात येत नाही. या भीतीपायी वर्षानुवर्षं अंगावर काढणारी घरं मला माहीत आहेत, म्हणून हे ठळकपणे लिहिते आहे.

तोवर वाऱ्याच्या रात्रीचं काय करायचं? तिची पहारेदारी काढून घेऊ नका, वाटून घ्या. सकाळीच दोघांनी मिळून हवामान खात्याचं पान एकदा बघा. रेड फ्लॅग इशारा (आग झपाट्याने पसरेल अशा हवेचा) आहे की नुसता वारा आहे, ते ठरवा. इशारा नसेल तर दर दहा मिनिटांनी फोन बघायचा नाही. असेल तर रात्रीच्या पाळ्या लावा: दोनपर्यंत तुम्ही, मग ती. ज्याची पाळी नाही त्याने आडवं व्हायचं, झोप लागो न लागो. काउंटीच्या सूचनांसाठी दोघांचेही फोन नोंदवलेले आहेत का ते आजच बघा. पिशवी हंगामाच्या सुरुवातीला एकदा भरा, कागदांचे फोटो क्लाउडवर टाका, आणि चेन लावल्यावर ती पुन्हा उघडायची नाही. सुरुवातीला हे तिला जड जाईल, हात शिवशिवतील. चालतं.

तिला त्या दिवसाबद्दल खोदून विचारू नका. एका बैठकीत सगळं ओकायला लावलं की मोकळं वाटतं, ही समजूत खरी नाही. तिने आपणहून काढलं तर मध्ये न बोलता ऐका.

मुलाला अर्धसत्य सांगू नका. "आईला वाऱ्याची भीती वाटते, कारण त्या दिवशी आपण घाईत निघालो होतो. आज इशारा नाही, आणि पहारा बाबा देतोय, तू झोप." बास. आईला सांभाळणं हे अकरा वर्षांच्या पोराचं काम नाही, हे त्याला कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं.

आणि नाशिकचा फोन. तो तुम्हीच घ्या, सुनेकडे सोपवू नका. आईंना रागावूही नका. त्यांनी ती आग हजारो मैलांवरून टीव्हीवर पाहिली आणि त्या रात्री त्याही झोपल्या नसतील. त्यांना विषय संपलेला हवा आहे, कारण तो आठवला की त्यांचाही जीव वर-खाली होतो. सांगा, "आई, ती उपचार घेते आहे, बरी होईल. तू फक्त तिला त्याबद्दल समजावू नकोस. इकडच्या-तिकडच्या गप्पा मार." आईंना काहीतरी करायला द्याल तर त्या करतील.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा वेगळा धरा. मित्रमंडळीत एकतीसची पार्टी ठरत असते आणि तुमच्या घरात आगीची तारीख आदल्याच दिवशी येऊन बसलेली असते. जायचं नसेल तर सरळ नाही म्हणा, कारण सांगायची गरज नाही.

एखादी रात्र अगदी असह्य झाली तर आपत्तीग्रस्तांसाठीची हेल्पलाइन १-८००-९८५-५९९० चोवीस तास सुरू असते, दुभाषाही मिळतो. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर ९८८.

जाता जाता, तुमच्याच पत्राबद्दल. दोन पानं लिहिलीत. पत्नी, मुलगा, आई, शेजारी, सगळे त्यात आहेत. त्या दुपारी त्या धुरातून गाडी कोण चालवत होतं, ते कुठेच नाही. ईएपीला फोन कराल तेव्हा दोन अपॉइंटमेंट मागा.