दहा वेळा लिहून घेतलं, तरी चुकतोच!

वही उघडली आणि आधी दिसलं ते भोक. खोडरबरानं घासून घासून कागद फाटला होता आणि पलीकडच्या पानावरचा शब्द त्यातून डोकावत होता. त्याखाली लाल शाईत शाळेतला शेरा : 'शुद्धलेखन सुधारा.'

"मॅडम, तोंडी याला सगळं येतं. धडाच्या धडा म्हणून दाखवतो. लिहायला बसवलं की मात्र शब्दाशब्दाला चूक. मी रोज दीड तास घेऊन बसते. चुकलेला प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून घेते. आता तर वही काढली की पोटात दुखतं म्हणतो. डिस्लेक्सिया तर नसेल ना?"

डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन शिकताना सतत येणारी अडचण. मुलांच्या वाचन-लेखनाच्या अडचणींवर काम करताना वर्षभरात हेच वाक्य थोड्याफार फरकानं मी कितीतरी आयांच्या तोंडून ऐकते, म्हणून ही गोष्ट पालकांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कुटुंब नाशिकच्या सिडकोतलं. वडील अंबडच्या एका कारखान्यात, शिफ्टची नोकरी. मुलगा साडेसात वर्षांचा, दुसरीत. घरात आजी, सटाण्याकडच्या.

मी त्या मुलाला म्हटलं, "मला 'फूल' दहा वेळा लिहून दाखवशील?" तो निमूटपणे लिहायला लागला. आधी एकाखाली एक दहा 'फ' काढले. मग वरून खाली सगळ्यांना उकार दिले. मग शेवटी दहा 'ल'. आठव्या ओळीत उकार राहिला, ते त्याच्या लक्षातही आलं नाही. दोन मिनिटांत काम संपवून त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि आईकडे पाहिलं.

दहा वेळा लिहून झालं होतं, पण 'फूल' हा शब्द त्याच्या मनातून एकदाही गेला नव्हता. आई त्या पानाकडे बघत राहिल्या. "घरी पण असंच करतो का रे?" तो काहीच बोलला नाही. मूल आळशी आहे म्हणून असं करतं, असं मला अजिबात वाटत नाही. न पेलणारं काम लवकर संपवायची वाट ते शोधतं, एवढंच.

मग वाचन. मराठीच्या पुस्तकातला धडा त्यानं धडाधडा वाचला. मी चित्रावर हात ठेवला आणि ओळीच्या मधल्याच एका शब्दावर बोट टेकवलं. गाडी थांबली. थोडा वेळ शब्दाकडे बघून तो ओळीच्या सुरुवातीला गेला, तिथून म्हणत म्हणत आला आणि त्या शब्दावर पोचला. धडा त्याला पाठ होता. वाचता येत नव्हता. न पाहिलेला सोपा उतारा दिला तेव्हा मिनिटाला १९ शब्द झाले. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या पायाभूत शिक्षणाच्या मोहिमेत दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्दांची अपेक्षा ठेवली आहे. हा आकडा मुलाला दटावायला वापरायचा नाही, पण आपण कुठे उभे आहोत ते त्यावरून कळतं.

खरी अडचण कळली ती त्यानंतर. मी कागदावर नुसतं 'कू' लिहिलं. त्याचे ओठ हलायला लागले : क, का, कि, की, कु... "कू!" मग 'टे' लिहिलं. पुन्हा ट, टा, टि, टी पासून सुरुवात. बाराखडी त्याला गाण्यासारखी येत होती, पण मधलं एखादं अक्षर सुटं ओळखता येत नव्हतं. प्रत्येक अक्षरासाठी पहिल्या पायरीपासून जिना चढायचा म्हटल्यावर वाक्याच्या शेवटापर्यंत कोण पोचणार? त्यात आपली पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची अक्षराच्या नंतर. आपल्याला सवय झाली म्हणून खटकत नाही, पण उच्चाराच्या क्रमानं डावीकडून एकेक खूण लिहीत जाणाऱ्या मुलाची तिथे हमखास गल्लत होते. 'दिवा'तली वेलांटी 'व'ला चिकटते ती अशी.

आईंना मी तीन रंगीत पेन्सिली दिल्या आणि वहीतल्या जुन्या चुका आम्ही दोघींनी मिळून रंगवल्या. अर्धा तास लागला. घरी शिकवणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा करून बघावं, असं मला मनापासून वाटतं. चूक खोडण्याआधी ती वाचायची.

हिरवा रंग ऱ्हस्व-दीर्घाला दिला. 'पाणि', 'फुल', 'तुप'. वहीतल्या निम्म्याहून जास्त चुका या होत्या आणि घरातला निम्म्याहून जास्त राग यांच्यावरच खर्च होत होता. मी आईंना म्हटलं, "ताई, 'पाणि' आणि 'पाणी' म्हणून बघा बरं. कानाला काही फरक कळतो?" शब्दाच्या शेवटचा इकार आपण बोलताना वेगवेगळा उच्चारतच नाही. त्यामुळे कान इथे मुलाला मदत करत नाहीत, तिथे नियमच लागतो. साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले, आणखी ४ १९७२ साली, आणि आजही मोठी माणसं अर्ज लिहिताना अडखळतात. साडेसात वर्षांच्या मुलाच्या या चुका थोड्या थांबू शकतात.

लाल रंग आवाज गळाल्याचा. 'साखर'चं 'सकर', 'शेंगदाणे'चं 'शेगदाणे', 'मीठ'चं 'मठ'. इथे काना, अनुस्वार, वेलांटी, काही ना काही राहून जातं. या चुका कमी होत्या, पण काळजीच्या ह्याच. शब्दातला प्रत्येक आवाज सुटा ऐकून त्याची खूण मांडणं, हे कौशल्यच कच्चं राहिल्याचं त्या सांगत होत्या.

तिसरा रंग निळा. 'पानी', 'लोनी', 'कोन'. सगळीकडे 'ण'च्या जागी 'न'. मी विचारलं, "घरी पाणी कोण मागतं?" आई जरा संकोचल्या. "सासूबाई अहिराणी बोलतात. मी त्यांना सांगितलंय, याच्याशी शुद्ध बोला म्हणून."

पुढच्या वेळी मी आजींना बोलावून घेतलं. खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, पदर सावरत. नातवाच्या अभ्यासाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "माले काय समजस!" गेले काही महिने त्या नातवाशी जेवणाखाणापुरतंच बोलत होत्या. आपल्या बोलण्यानं पोराचं नुकसान होतं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. रात्रीच्या गोष्टी बंद झाल्या होत्या.

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव, या सगळ्या पट्ट्यात घराघरांत अहिराणी आहे. तिथलं मूल 'पानी' लिहितं तेव्हा ते कानावर पडलेलं अगदी बरोबर लिहितं. कान तयार आहे याचाच तो पुरावा. त्याला फक्त सांगायचं : आजीचं 'पानी', वहीतलं 'पाणी'. दोन घरचे दोन शब्द. मूल हे चटकन उचलतं. आजींना मी सांगितलं, रोज रात्री गोष्ट हवीच, आणि तुमच्याच बोलीत. ज्या मुलाच्या कानावर भरपूर गोष्टी पडतात, त्याला वाचताना पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज बांधता येतो. आईंनी सासूबाईंकडे पाहिलं नाही, पण घरी जाताना त्यांचा हात धरून जिना उतरवला.

मग घरच्या अभ्यासाची घडी बदलली. दीड तासाचे केले वीस मिनिटं, तीही दोन तुकड्यांत. दहा वेळा लिहिणं बंद. बाराखडी आडवी म्हणायच्या ऐवजी उभी : की, टी, पी, ली, मी, असं एकच चिन्ह वेगवेगळ्या अक्षरांवर, आणि दुसऱ्या दिवशी क्रम बदलून. चार दिवस एकच चिन्ह, घाई नाही. चुकलेला शब्द असा शिकायचा : आधी मोठ्यानं म्हणायचा, आवाजांचे तुकडे बोटांवर मोजायचे, शब्द नीट बघायचा, झाकायचा, मनानं लिहायचा, उघडून स्वतःच पडताळायचा. एकदा. उद्या पुन्हा एकदा. परवा पुन्हा. दिवसाला तीन शब्द पुरेत, आणि तेही लाल रंगातले.

वाचनासाठी वडिलांना गाठलं. त्यांना वेळ नव्हता, पण गाडीवरून मुलाला आणणं-सोडणं त्यांच्याकडे होतं. रस्त्यावरच्या पाट्या मिळाल्या. मुंबई नाका, द्वारका, सातपूर, गंगापूर. गावाच्या नावातला 'पूर' कायम दीर्घ, हा नियम त्याला पाट्यांवरूनच कळला. 'त्र्यंबक'च्या पाटीशी मात्र तो बरेच दिवस झुंजला. शिवाय रविवारी सार्वजनिक वाचनालयात जायचं ठरलं. १८४० सालापासून हे वाचनालय नाशकात आहे, आणि आपल्यातले कितीतरी जण त्याच्यासमोरून फक्त गाडी हाकत जातात. पुस्तक त्यानंच निवडायचं. अट एकच : एका पानावर पाच शब्द अडले तर ते पुस्तक आई वाचून दाखवणार, चार किंवा कमी अडले तर तो वाचणार.

आणि लिहिण्यासाठी किराणा. आजी सांगणार, नातू यादी लिहिणार, दुकानात तोच जाणार. आईंना एकच गोष्ट कठीण गेली : यादी दुरुस्त करायची नाही.

पहिल्या आठवड्यातली यादी आईंनी जपून आणली होती. 'सकर १ कीलो. मठ १ कीलो. तुप पाव. शेगदाणे अर्धा. साबन २.' दुकानदारानं साखर दिली, तूप दिलं, शेंगदाणे दिले, साबण दिले. आणि एक किलो मटकी दिली. मठ म्हणजे मटकी, त्याचं काही चुकलं नव्हतं. घरी आल्यावर आजींनी पिशवी उघडली, "मीठ कुठंय रे?" पोरानं यादी हातात घेतली, 'मठ' या शब्दाकडे बराच वेळ पाहिलं आणि न सांगता पेन्सिल शोधायला गेला. वेलांटी दिली. पुन्हा दुकानात जाऊन मीठ आणलं.

आई हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला. "मॅडम, मी त्याला या असल्या चुकांसाठी एकदा पट्टीनं मारलंय." मी त्यांना थांबवलं नाही. रडून झाल्यावर आम्ही ती यादी पुन्हा समोर घेतली. 'तुप' ऱ्हस्व लिहूनही तूपच घरी आलं. 'साबन' लिहूनही साबणच आला. अडलं ते फक्त आवाज गळाला तिथे. कोणती चूक आज धरायची आणि कोणती सोडायची, हे त्या चिठ्ठीत स्पष्ट दिसत होतं. बरं, त्या आठवड्यात त्यांच्याकडे दोनदा उसळ झाली.

ऱ्हस्व-दीर्घाकडे आम्ही तीन महिन्यांनी वळलो, तेही त्याच्याच 'मीठ'पासून. मीठ, पण मिठाचा. तूप, पण तुपाचा. फूल, फुलाचा. वीट, विटेचा. पाच-सहा जोड्या मांडल्यावर तो म्हणाला, "शेपटी लागली की लहान होतं!" मराठी शब्दाच्या शेवटी 'अ' असेल तर त्याआधीचा इकार-उकार दीर्घ, आणि शब्दाला प्रत्यय लागला की ऱ्हस्व, पुस्तकात हाच नियम असतो. 'गुण', 'विष' असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द यात बसत नाहीत, ते पुढच्या इयत्तांत येतीलच.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येते. डिस्लेक्सिया आहे का? दुसरीच्या मुलाबद्दल मी हो किंवा नाही असं ठाम सांगत नाही, आणि कुणी एका भेटीत सांगत असेल तर पालकांनी सावध राहावं. नीट, नेमकी मदत देऊनही किमान सहा महिने अडचण टिकून राहिली, तर तिचा विचार अध्ययन अक्षमता म्हणून करतात. औपचारिक चाचण्या साधारण आठव्या वर्षानंतर जास्त भरवशाच्या ठरतात. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे. ते आम्ही पहिल्याच आठवड्यात करून घेतलं, दोन्ही ठीक निघालं. पण 'अजून लहान आहे, येईल आपोआप' म्हणून हातावर हात ठेवून बसणं मला मान्य नाही. मदत आजपासून, शिक्का नंतर. आणि निदान झालंच तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

पाच महिन्यांनंतर तो मिनिटाला ३८ शब्द वाचतो. अपेक्षेपेक्षा कमीच, पण आता तो शब्द वाचतो, पाठ म्हणत नाही. पोटदुखी थांबली आहे. जोडाक्षरांवर अजून अडतो आणि काही आवाज अजून गळतात, म्हणून तिसरी सुरू झाल्यावर चाचणी करून घ्यायचं आम्ही ठरवलं आहे. आईंना आता तिची भीती वाटत नाही. येताना किराण्याच्या सगळ्या याद्या घेऊन या, असं त्यांना सांगितलंय. त्यात मीठ आता बरोबर येतं. 'शेंगदाणे'वरचा अनुस्वार मधूनमधून राहतो.