गाडीचा थर्मोस्टॅट घरी बदलता येतो का? की मेकॅनिक म्हणतो तसा काढूनच टाकू?

बदलता येतो. काढून मात्र टाकू नका. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे (ते गार करणाऱ्या जाळीकडे) जाऊ न देणारी ती झडप आहे. "आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय, काढून टाका" हे तुमच्या मेकॅनिकचं वाक्य तंतोतंत आमच्या साडूंचं आहे, म्हणून लिहायला बसलो.

माझी २००८ ची पेट्रोल वॅगनआर. २०१५ च्या मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीत तापमानाचा काटा वर गेला. साडू शेजारीच होते. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला होता, यात वाद नाही. मी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतत आलो होतो, क्षार चढून त्याचा दगड झाला होता. चूक माझीच. पण साडूंच्या ओळखीच्या गॅरेजात नवा टाकायचा सोडून जुना काढला आणि झाकण तसंच आवळून दिलं. साडू खूश. "पाचशे रुपये वाचले की तुमचे!"

त्यानंतर चार वर्षं काटा तळाला चिकटून. साडू गाडीत बसले की काट्याकडे बोट दाखवायचे, जणू स्वतः बर्फ घालून ठेवलाय. इकडे अ‍ॅव्हरेज सोळावरून तेरावर आलं. येणारच. पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन तापायलाच तयार नाही, आणि इंजिन अजून गार आहे असं समजून ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल जास्त सोडत राहतो. काही इंजिनांत तर याहून गंमत: थर्मोस्टॅट उघडला की तोच बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा, गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात, आणि घाटात गाडी उलट जास्त तापते.

२०१९ च्या डिसेंबरात ऑइलचं झाकण उघडलं तर आतून दुधाच्या सायीसारखा पिवळट थर. दुसऱ्या एका गॅरेजने हेड गॅस्केट (इंजिन गार ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, तेलात जाऊ न देणारं पॅकिंग) गेलं म्हणून वीस हजार सांगितले. रात्रभर झोप नाही. पण कूलंट तर थेंबभरही कमी होत नव्हतं! मग पाणी येतंय कुठून? माझं ऑफिस तीन किलोमीटरवर. इंजिन कधी पूर्ण तापतच नव्हतं, आतली वाफ झाकणाला धरून तेलात घुसळली जात होती. बस्स.

रविवारी नवा थर्मोस्टॅट आणला. त्यावर ८२ आकडा कोरलेला, म्हणजे तितक्या अंशांना उघडायला लागणार. बसवण्याआधी दोऱ्याला बांधून उकळत्या पाण्यात सोडा. आतलं मेण फुगतं, दांडा सरकतो, झडप उघडते. हे मी दुधाच्या पातेल्यात केलं, त्यावर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

बाकी काम सोपं. वरचा होज पाईप सोडायचा, झाकणाचे दोन बोल्ट दहाच्या पान्याने काढायचे, जुनं पॅकिंग नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं (स्क्रू ड्रायव्हर नको, अ‍ॅल्युमिनियमवर चरे पडतात) आणि नवं पॅकिंग टाकायचं. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. मी घाईत उलटा बसवला होता. मेण गार बाजूला गेलं, झडप उघडेना, दहा मिनिटांत काटा लालजवळ. परत सगळं सोडलं. त्यावर हलती पिन असेल तर ती वरच्या अंगाला ठेवा, हवा तिथून निघते. मग कूलंट भरून, रेडिएटरचं झाकण उघडंच ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून गाडी चालू ठेवा आणि वरचा पाईप दाबत राहा. बुडबुडे थांबेपर्यंत कंटाळू नका. तो पाईप बराच वेळ गार राहून एकदम गरम झाला की समजा झडप उघडली.

दोन आठवड्यांत साय गेली, अ‍ॅव्हरेज पुन्हा पंधराच्या वर. साडूंना झाकण उघडून दाखवलं. म्हणाले, "पंप बदलला असेल तुम्ही."

तुम्ही गाडी कुठली ते लिहिलेलं नाही. नव्या बऱ्याच गाड्यांत थर्मोस्टॅट प्लास्टिकच्या घरासकट अख्खा येतो, काहींत हात जाणार नाही अशा जागी असतो. तसं असेल तर गॅरेजातच बदला, पण समोर उभं राहून, आणि तो खरंच आत गेला का ते बघून. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका हे सांगायला नको. सांडलेलं कूलंट मात्र लगेच धुऊन टाका. चवीला गोड असतं, सोसायटीतली कुत्री चाटतात, आणि ते विष आहे.