केरो, क्वेरो की चषक?

प्रश्न असा आहे: पेरूतल्या इंका परंपरेच्या कोरीव लाकडी पेल्यांविषयीचा मजकूर मराठीत आणायचा आहे. त्यांना 'केरो' म्हणायचं की 'क्वेरो'? की सरळ 'चषक' लिहून मोकळं व्हावं?

उच्चाराचं आधी उरकू. 'क्वेरो' नको. स्पॅनिशमध्ये क्यू-यू-ई असं लिहिलं की 'के' वाचतात, मधला यू मुका. 'क्वे' ही इंग्रजी वाचनाची सवय. (त्या न्यायाने 'क्वेचुआ' ही इंकांची भाषाही 'केचुआ'च व्हायला हवी, पण मराठीत ती तशी रुळली आहे, राहू दे.) मूळ क्वेचुआ शब्दातला क घशातून येतो, उर्दूतल्या 'क़लम'सारखा. आपण कलमाला नुक्ता देत नाही, इथेही नको. कुठे 'किरु' दिसलं तर तेही चूक नव्हे. क्वेचुआत मुळात अ, इ, उ एवढेच स्वर. घशातल्या क-शेजारी इ हा ए-सारखा ऐकू येतो, आणि स्पॅनिश लेखनात शेवटच्या उ-चा ओ झाला.

आता 'चषक'. तो शब्द विश्वचषकाने केव्हाच पळवला. शिवाय चषक म्हटलं की दांडी आणि बैठक असलेलं धातूचं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. केरोला दांडी नसते. वीतभर उंचीचा, एकाच लाकडातून कोरलेला, तोंडाशी पसरट होत जाणारा हा पेला. तेव्हा अर्थ सांगायला 'लाकडी पेला' पुरेसा आहे.

पण फक्त 'लाकडी पेला' लिहून भागणार नाही, कारण दोन गोष्टी निसटतात. एक म्हणजे लाकूड. सोन्याचांदीच्या पेल्याला वेगळं नाव होतं, 'अकिल्या'. दुसरी, आणि जास्त महत्त्वाची, जोडी. केरो एकटा घडवतच नसत. एकाच मापाचे, एकाच घाटाचे दोन. मक्याला मोड आणून केलेली चिचा ही दारू दोन्हींत ओतायची, एक यजमानाने प्यायचा, दुसरा पाहुण्याने. इतिहासकार इंका गार्सिलासो दे ला व्हेगा याने 1609 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात या जोडपेल्यांचं कारण दिलं आहे: दोघांनी प्यायलेलं सारखं भरावं. इंका राजे नव्याने अंकित झालेल्या सरदारांना पेल्यांच्या जोड्या देत. ती नुसती भेटवस्तू नव्हती. घेणारा त्या देण्याघेण्यात बांधला जाई. म्हणूनच इंका राजा अताहुआल्पाने दिलेलं पेय स्पॅनिश माणसाने ओतून टाकलं, याचा राग अताहुआल्पाचा पुतण्या तितू कुसी युपांकी याने 1570 मध्ये सांगितलेल्या हकिकतीत इतका ठळक आहे. तो पेला सोन्याचा होता, म्हणजे केरो नव्हे, पण रीत तीच.

मजकुरात रंगीत केरो असतील तर काळ तपासून घ्या. स्पॅनिश स्वारीपूर्वीच्या केरोंवर बहुतेक नुसती कोरलेली भौमितिक नक्षी असते. माणसं, फुलं, पक्षी असे रंगीत केरो प्रामुख्याने वसाहतकाळातले. त्यांवर बहुधा वरच्या पट्ट्यात माणसांचा प्रसंग, मधे 'तोकापू' नावाच्या नक्षीदार चौकटी, खाली फुलं. हे रंग ब्रशने फासलेले नसतात. लाकडात उथळ खाचा कोरून त्यांत रंग मिसळलेली राळ बसवलेली असते. ही राळ मोपा-मोपा झाडाची, दक्षिण कोलंबियातली. तिथल्या पास्तो भागात ती गरम पाण्यात मऊ करून, हातांनी आणि दातांनी ताणून कागदासारखी पातळ करण्याची कला अजून जिवंत आहे. 2020 मध्ये युनेस्कोने तिला तातडीने जपण्याच्या यादीत घातलं. तेव्हा 'रंगवलेला पेला' न लिहिता 'राळेची रंगीत जडण असलेला' लिहा.

एक गुंता मात्र आहे. पुरातत्त्वज्ञ त्याच घाटाच्या मातीच्या पेल्यालाही केरो म्हणतात, उदाहरणार्थ तितिकाका सरोवराजवळच्या तिवानाकूचे. ते इंकांच्या कित्येक शतकं आधीचे. तिथे 'मातीचा केरो' असं स्पष्ट लिहावं.

व्याकरणाला अडचण नाही. 'फोटो'सारखा चालवा: तो केरो, ते केरो, केरोवर, केरोंची जोडी. फक्त 'केरोत' लिहाल तिथे मुद्रितं डोळ्यांत तेल घालून तपासा. एका मात्रेची चूक झाली की चिचा केरात जायची.