बर्कलीसारखी विद्यार्थ्यांच्या मालकीची वसतिगृहं पुण्यात का झाली नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठाशेजारी विद्यार्थ्यांनीच चालवलेली सहकारी वसतिगृहं नव्वद वर्षांहून जास्त काळ टिकली आहेत, मग सहकारासाठी नावाजलेल्या महाराष्ट्रात, तेही पुण्यात, असं काही का उभं राहिलं नाही? मी मराठवाड्यातून पुण्यात शिकायला आले, एका सेवाभावी संस्थेच्या वसतिगृहात राहिले, आणि आता आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. दोन्हीकडचं पाहून माझं मत असं झालंय की पुण्यात विद्यार्थ्यांनी कष्ट भरपूर केले, पण मालकी त्यांना कुणी देऊ केली नाही आणि त्यांनीही ती मागितली नाही.

आधी बर्कलीचं थोडक्यात सांगते. १९३३ साल, महामंदीचे दिवस. स्टाइल्स हॉल या वायएमसीएच्या केंद्राचे सचिव हॅरी किंगमन यांच्या प्रोत्साहनाने चौदा विद्यार्थ्यांनी एकत्र राहायला सुरुवात केली. स्वयंपाक, झाडलोट, हिशेब सगळं आपसांत वाटून घेतलं. नियम रॉचडेलचे, म्हणजे १८४४ साली इंग्लंडमधल्या विणकरांनी काढलेल्या दुकानाचे: सभासदत्व सर्वांना खुलं, आणि एका माणसाला एकच मत. सुरुवातीची घरं भाड्याची होती, पुढे संस्थेने इमारती विकत घेतल्या. क्लॉइन कोर्ट ही मोठी इमारत १९४६ साली घेतली. आज संस्थेच्या सगळ्या घरांत मिळून बाराशेहून जास्त विद्यार्थी राहतात आणि प्रत्येकाला आठवड्याला साधारण पाच तास काम करावं लागतं. सगळंच गोड झालं असं नाही. बॅरिंग्टन हॉल हे त्यांचं सर्वांत मोठं घर अमली पदार्थ आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे बदनाम झालं, आणि १९८९ मध्ये सभासदांनी मतदान करून ते बंद करायचं ठरवलं. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. आपलं घर बंद करण्याचा निर्णयसुद्धा विद्यार्थ्यांच्याच मताने झाला.

आता पुणे. वार लावून जेवणारी आणि माधुकरी मागून शिकणारी मुलं हा या शहराच्या शिक्षणाचा पायाच आहे. १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं, तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. तिथली मुलं माधुकरी मागायची, पुढे संस्थेने छापखाना काढला. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये बोर्डिंग काढलं. पाणी भरणं, दळण, स्वयंपाक मुलंच करायची, तेही सगळ्या जातींची एका पंगतीला बसून. पुणे कराराच्या स्मरणार्थ १९३२ साली त्यांनी पुण्यातही युनियन बोर्डिंग काढलं. पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना आज त्यांच्याच नावाने आहे. मग १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली. खेड्यांतून आलेल्या गरीब मुलामुलींच्या किती पिढ्या तिथे राहून शिकल्या! अशा ठिकाणी कामाच्या पाळ्या असतात, माजी विद्यार्थी वर्षानुवर्षं परत येऊन हातभार लावतात. बर्कलीतलं श्रमाचं तत्त्व आपल्याकडे पुरेपूर होतं, आणि त्यांच्या आधीपासून होतं.

पण या सगळ्या संस्था विश्वस्तांच्या आणि देणगीदारांच्या. त्यांचं ऋण मी कधी विसरणार नाही, माझं शिक्षण अशाच देणग्यांवर झालं. तरी सांगायला हवं की तिथे आम्ही लाभार्थी होतो, सभासद नव्हतो. मी पोळ्या लाटल्या, वाढप केलं, जिने झाडले, पण मेसचा खर्च कसा बसवायचा किंवा कुणाला प्रवेश द्यायचा यावर आमचं मत कुणी घेतलं नाही. मत मागायचं असतं हे आम्हालाही सुचलं नाही.

खरं तर सहकार विद्यापीठाच्या दारातच होता. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर होते पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ, आणि तेच पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सहकार शिकवणारी वैकुंठ मेहता राष्ट्रीय संस्था गणेशखिंडीत, विद्यापीठ रस्त्यावर आहे. ऊस, दूध, कर्ज, फ्लॅट सगळ्याला सहकार लागला. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं भरून, राहणाऱ्या पोराला मात्र तो शिवलाही नाही.

याचं कारण माझ्या मते आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या घडणीत आहे. आपल्याकडे सोसायटी म्हणजे ज्याने फ्लॅट घेतला त्याची. भाडेकरू झालाच तर नाममात्र सभासद, त्याला मत नाही. आमच्या कमिटीत ‘बॅचलर’ला जागा द्यायची का यावर तासन्‌तास चर्चा होते आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो खोलीत नसतो. विद्यार्थी तर दोन-तीन वर्षांचा पाहुणा. तो शेअर घेणार कधी आणि विकणार कुणाला? बर्कलीत हा पेच असा सुटला की इमारत कायम संस्थेचीच राहते. सभासद येतो, राहतो, मत देतो आणि जातो. जाताना त्याला जागेच्या वाढलेल्या भावातलं काही मिळत नाही, म्हणूनच पुढच्याला ती स्वस्तात मिळते. रोजच्या कारभाराला पगारी कर्मचारी आहेत आणि त्यांच्यावर निवडून आलेले विद्यार्थी.

आपल्या कायद्यालाही ही कल्पना परकी नाही. महाराष्ट्रात भाडेकरू सहभागीदारी गृहनिर्माण संस्था हा प्रकार आहेच. त्यात जमीन आणि इमारत संस्थेची, सभासदाला राहण्याचा हक्क. अडतं ते जागेपाशी. शिवाजीनगर, मॉडेल कॉलनी, औंध इथल्या किमतीत विद्यार्थ्यांची नवी संस्था काही विकत घेऊ शकणार नाही, आणि अकरा महिन्यांच्या करारावर संस्था उभी राहत नाही. दहा-पंधरा वर्षांच्या करारावर जागा मिळाली तर जमेल. ती विद्यापीठ देऊ शकतं, किंवा एखादा जुना ट्रस्ट, ज्याचं अर्धं वसतिगृह दुरुस्तीअभावी बंद पडलंय.

तुम्ही स्वतः काही करायचं म्हणत असाल तर मेसपासून सुरुवात करा. वीस जण, एक स्वयंपाकीण मावशी, दर महिन्याला भिंतीवर लावलेला हिशेब आणि दर सहा महिन्यांनी बदलणारा सेक्रेटरी. जुन्या कॉलेज हॉस्टेलांत असे क्लब मुलांनी चालवलेत, त्यामुळे हे अशक्य नाही. वर्षभर हिशेब चोख राहिला तर माजी विद्यार्थ्यांकडे जा आणि देणगीऐवजी करारासाठी हमी मागा. देणगी आली की देणाऱ्याचं नाव पाटीवर येतं आणि कारभारही हळूहळू त्याच्याकडे जातो. हमीत पैसा पाठीशी राहतो, मत तुमच्याकडे राहतं.